औषध पानावर, तुडतुडा बुडाशी

सप्टेंबर संपत आला की धानाच्या बांधीत उतरताना चप्पल धुऱ्यावरच ठेवावी लागते. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या काकांच्या बांधीत गेल्या हंगामात असाच उतरलो. धान पोटरीत आलेला, वरून पाहिलं तर नजर लागावी असा हिरवागार. काकांनी एक चूड, म्हणजे एका जागी रोवलेल्या धानाचा झुपका, दोन्ही हातांनी फाकवला आणि मान खाली करून म्हणाले, "पाय." म्हणजे बघ. पाण्याच्या चार बोटं वर, खोडाला चिकटून तांदळाच्या कणीएवढे तपकिरी किडे बसले होते. बोट जवळ नेलं तर उडाले नाहीत. खेकड्यासारखे आडवे सरकत खोडाच्या पलीकडच्या अंगाला गेले. चूड झटकला तर दहा-बारा पाण्यात पडले आणि पाण्यावरून तुरुतुरु चालत पुन्हा खोडाला लागले.

"दोनदा मारलं औषध," काका म्हणाले, "पण मरूनच नाही राहिले."

आमच्याकडे याला मावा-तुडतुडा म्हणतात, पुस्तकात तपकिरी तुडतुडा. काकांच्या तोंडचं ते वाक्य पूर्व विदर्भात दर हंगामाला हजारो तोंडी असतं, आणि कृषी केंद्रापासून मंत्रालयापर्यंत सगळे त्याच वाक्याभोवती फिरतात. मरत नाही ना? मग जास्त जालीम द्या, दोन मिसळून द्या, नवं आलंय ते द्या. माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकीचा विचारला जातोय. तुडतुडा मेला की नाही हे नंतर बघू. आधी विचारायला हवं की तो पितोय किती, कुठून पितोय, आणि आपण मारलेल्या औषधाने त्याचं पिणं थांबलं की वाढलं. औषधाला न जुमानणाऱ्या किडीचा सगळा हिशेब तिच्या तोंडाशी येऊन थांबतो, आणि आपलं फवारणीचं धोरण मात्र नुसती मढी मोजतं.

तुडतुडा पान खात नाही. त्याला दात नाहीत, जबडा नाही. सोंडेत केसाहून बारीक सुयांचा जुडगा असतो, तो खोडात शिरतो. शिरताना तो लाळ सोडतो, ती घट्ट होऊन सुयांभोवती म्यान बनतं, आणि चाचपडत चाचपडत सुई अन्नरसाच्या नळीपर्यंत पोचते. पानांनी उन्हात तयार केलेली साखर ज्या नळीतून मुळांकडे आणि लोंबीकडे जाते, ती ही नळी. तिथे एकदा सुई लागली की तुडतुडा तासन्‌तास हलत नाही. या रसात साखर भरपूर, पण अंग वाढायला लागणारी अमिनो आम्लं थोडी. म्हणून पोटापुरती मिळवायला त्याला गरजेच्या कितीतरी पट रस प्यावा लागतो आणि उरलेलं गोड पाणी मागून टाकून द्यावं लागतं. खालच्या पानांवरचा चिकटा, त्यावर धरलेली काळी बुरशी, ही त्याच पाण्याची करामत. शेकडो तोंडं एका चुडाला लागली की रस आटतो, नळ्या लाळेने तुंबतात, चूड वाळतो, आणि शेतात जाळल्यासारखे गोल गोल चट्टे पडतात.

हे पिणं मोजता येतं, आणि मोजायची रीत मोठी गमतीची आहे. तुडतुड्याच्या पाठीवर चांदीच्या लेपाने सोन्याची अतिबारीक तार चिकटवतात, दुसरं टोक कुंडीतल्या मातीत, मध्ये अगदी क्षीण वीज. सुई खोडात गेली की मंडल पूर्ण होतं, आणि कागदावर उमटणाऱ्या लाटेच्या आकारावरून कळतं की किडा नुसता टोचतोय, लाळ सोडतोय, पाण्याच्या नळीतून पाणी पितोय की खरोखर अन्नरस ओढतोय. याहून स्वस्त रीतही आहे. ब्रोमोक्रेसॉल ग्रीनमध्ये भिजवून वाळवलेला गाळणकागद चुडाच्या बुडाशी ठेवायचा. अन्नरस पिऊन टाकलेला थेंब पडला की निळा डाग उठतो. डाग मोजा, किड्याचं जेवण मोजलं गेलं.

आता या जेवणात विष घालू. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध तुडतुड्याच्या मज्जातंतूवर काम करतं. पूर्ण मात्रा गेली तर मरतो. पण मरणाला पुरणार नाही इतकी अर्धीमुर्धी मात्रा गेली तरी नाजूक किड्याचं पिणं कमी होतं, निळे डाग घटतात. म्हणजे औषधाचा एक मोठा उपयोग मारण्याच्या आधीच सुरू होतो: तोंड बंद पडतं. औषध पचवायला शिकलेल्या तुडतुड्यात हेच बिघडतं. त्याच्या अंगात विष फोडणारं एक विकर (एन्झाइम), सीवायपी-६-ईआर-१ नावाचं, प्रमाणाबाहेर तयार होतं. आशियातल्या शेतांतून गोळा केलेल्या इमिडाक्लोप्रिड पचवणाऱ्या तुडतुड्यांत हेच विकर पुन्हा पुन्हा सापडलं आहे. ज्या जनुकावरून ते बनतं त्याच्या काही किड्यांत जादा प्रती झालेल्या आढळल्या. एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरी बदलून औषध फोडायला लागते. या घराण्यातली विकरं मुळात वनस्पतीची कडू द्रव्यं निष्प्रभ करायला असतात. धानाशी लाखो वर्षं झुंजताना कमावलेलं हत्यार त्याने आपल्या बाटलीवर चालवलं, इतकंच.

इमिडाक्लोप्रिड १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं. दहा-बारा वर्षांत, २००३च्या सुमाराला थायलंडमध्ये ते तुडतुड्यावर लागू पडेनासं झालं, आणि २००५पर्यंत चीन, व्हिएतनाम, जपान सगळीकडे तीच रड. हा किडा उडणारा आहे; लांब पंखांची पिढी वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडते. व्हिएतनाममध्ये मारलेल्या औषधाचा परिणाम जपानच्या शेतकऱ्याला भोगावा लागतो. (जपानला ही कीड नवी नाही. १७३२च्या क्योहो दुष्काळात तुडतुड्यांनी पश्चिम जपानचा धान खाल्ला होता, आणि तिथले लोक खाचरातल्या पाण्यावर देवमाशाचं तेल ओतून, किडे झटकून त्यात पाडत. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमी रॉकेल टाकत होतो ना." खरंच टाकत.)

इथपर्यंतची गोष्ट किड्याच्या हुशारीची झाली. आपल्या वेडेपणाची गोष्ट फवाऱ्याच्या नोझलपासून सुरू होते.

तुडतुडा बुडाशी बसतो आणि आपण औषध शेंड्यावर मारतो. शिफारस एकरी साधारण दोनशे लिटर पाण्याची, म्हणजे सोळा लिटरचे बारा-तेरा पंप. काकांनी सात मारले होते. त्यांना दोष देत नाही. पोटरीतल्या धानात, गुडघाभर चिखलात, पाठीवर पंप घेऊन बारा फेऱ्या मारून दाखवा म्हणजे कळेल. मजूर सकाळी आठला येतो आणि बाराला जातो. दाट लागलेल्या धानात सात पंपांतलं बहुतेक औषध वरच्या पानांवरच अडतं. शिवाय इमिडाक्लोप्रिड आणि त्याची भावंडं झाडात मुख्यतः पाण्याच्या नळीतून चढतात. मुळाशी दिलं तर वर जातं. पानावर मारलं तर पानाच्या टोकाकडे सरकतं, बुडाकडे उतरत नाही. म्हणजे जिथे तोंड आहे तिथे औषधाचा पातळ अंश, आणि जिथे कुणी नाही तिथे भरपूर. किडीला औषध पचवायला शिकवायची याहून चांगली शाळा कुणी काढू शकणार नाही: रोज थोडं थोडं, मरणार नाही इतकंच.

म्हणूनच ड्रोनने फवारण्याच्या उत्साहाकडे मी जरा संशयाने बघतो. बचत गटाच्या बाईच्या हातात यंत्र आलं, तिला रोजगार मिळाला, पाठीवरचा पंप गेला, हे सगळं चांगलंच. पण ड्रोन एकरी दहा लिटरच्या आसपास पाण्यात काम उरकतो. त्यातलं बुडाशी किती पोचतं? एखाद्या चुडाच्या तळाशी रंगाचे कागद लावून हे एका सकाळीत मोजता येईल. अनुदान देण्याआधी ते मोजून, मराठीत छापून शेतकऱ्याच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

दुसरा वेडेपणा त्याहून जुना आहे. रोवणीनंतर महिन्याभरात पानं गुंडाळणारी अळी दिसते. पान पांढरं पडलेलं पाहून जीव घाबरतो. त्या वयात धान पानांचं नुकसान बरंचसं भरून काढतो, पण केंद्रावर गेलं की स्वस्तातलं सिंथेटिक पायरेथ्रॉइड मिळतं, अळी तासाभरात खाली पडते, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. या फवारणीने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे बुडाशी फिरणारे कोळी आणि तुडतुड्याची अंडी शोषणारा हिरवा मिरिड ढेकूण मरतात. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत चेल्लैया आणि हाइनरिक्स यांनी १९८०मध्येच दाखवलं होतं की डेल्टामेथ्रिन, मिथाइल पॅराथिऑन अशा काही औषधांनी फवारलेल्या धानावर तुडतुडा उलट जास्त पितो आणि जास्त अंडी घालतो. राखणदार गेले हे तर आहेच. पण राखणदार बाजूला ठेवले तरी औषधाने किड्याची भूकच वाढते. पंचेचाळीस वर्षं झाली या गोष्टीला. तरी ऑगस्टमध्ये अळीसाठी मारलेलं औषध आणि सप्टेंबरमध्ये आलेला तुडतुडा यांचा संबंध आमच्या गावात कुणी जोडत नाही. तुडतुडा ढगाळ हवेमुळे येतो, असंच सगळे म्हणतात.

तिसरी गोष्ट युरिया. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. नत्र वाढलं की धानाचा रस तुडतुड्याला मानवतो: पिलं जास्त जगतात, माद्या जास्त अंडी घालतात. रसात अमिनो आम्लांची वानवा असते हे वर आलंच. ती वानवा आपण स्वस्त गोणीने भरून काढतो. खताच्या अनुदानाला माझा विरोध नाही. पण सरकार एका हाताने किडीचं ताट वाढतं आणि दुसऱ्या हाताने ती जेवून गेल्यावर भरपाई देतं, हे कुणीतरी म्हणायला हवं. २०१७च्या खरिपात कापसावर बोंडअळी आणि धानावर तुडतुडे आले, तेव्हा राज्याने दोन्हींना मिळून मदत जाहीर केली. धानाला आपत्तीच्या निकषाने कोरडवाहूसाठी हेक्टरी ६,८०० रुपये, बागायतीसाठी १३,५००, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. पंचनामे झाले, पैसे आले, काहींना मिळाले. त्या पंचनाम्यात एक रकाना मात्र नव्हता: या शेतात आधी कुठलं औषध, कधी, किती वेळा मारलं? आपत्ती आभाळातून पडली असं गृहीत धरलं की हा प्रश्न विचारावा लागत नाही. त्याच वर्षी यवतमाळात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक माणसं विषबाधेने गेली. एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं मिसळून मारायची सवय कुठून येते? औषध लागू पडेनासं झालं, या एका अनुभवातून. किडीचा प्रतिकार हा नुसता किडीचा विषय नाही. तो मजुराच्या फुप्फुसाचाही आहे.

आता मढी मोजण्याच्या सवयीने होणारं नुकसान. पायमेट्रोझिन नावाचं औषध धानाला शिफारशीत आहे. ते झटक्यात मारत नाही. तुडतुड्याचं पिणं बंद पाडतं, आणि तो काही दिवसांनी उपाशी मरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरी चूड फाकवून बघतो, तर सगळे जिवंत, आडवे सरकतायत. प्रत्यक्षात ते जेवलेले नसतात, पण हे त्याला कोण सांगणार? तो केंद्रावर जातो, "चाललं नाही" म्हणतो, आणि संध्याकाळी वरून दुसरं मारतो. काकांचं दुसरं फवारणं याच जातीचं होतं. पहिलं औषध चांगलं होतं, वेळही बरी होती. दुसरं मारलं नसतं तर कोळी तरी वाचले असते. आणि चीनमध्ये याच पायमेट्रोझिनला तुडतुडा आता सरावला आहे, कारण तिथे इमिडाक्लोप्रिड गेल्यावर सगळा भार त्याच्यावर पडला. आपण तीच वाट दहा वर्षं मागून चालतोय. पुढचं काय दिसतंय ते माहीत असताना.

यावर कृषी केंद्रवाले म्हणतात, आम्ही औषध बदलून बदलून देतो. देतात, नाव बदलून देतात. इमिडाक्लोप्रिडनंतर थायमेथोक्झाम, त्यानंतर अॅसिटामिप्रिड. तीन रंगांचे डबे, तीन कंपन्या, पण तिन्ही औषधं ४-ए या एकाच गटातली, किड्याच्या एकाच कुलपावर चालणारी. डब्यावरचा लाल-पिवळा-निळा-हिरवा त्रिकोण माणसाला किती धोका ते सांगतो, आणि निरक्षर माणसालाही तो कळतो. गटाचा आकडा मात्र गावात कुणाला कुणी शिकवलेला नाही. तो त्रिकोणाएवढाच मोठा, मराठी अंकात छापा, आणि परवाना घेताना दुकानदाराकडून एकच गोष्ट पाठ करून घ्या: एका हंगामात एका बांधीला तोच आकडा दोनदा विकायचा नाही. एवढं करायला नवीन कायदा लागत नाही. १९६८चा कीटकनाशक कायदा लेबलवर काय असावं ते ठरवतोच.

मी सगळी औषधं बंद करा म्हणणाऱ्यांतला नाही. श्रीलंकेने २०२१मध्ये एका फटक्यात रासायनिक खतं आणि औषधांची आयात बंद केली, धानाचं उत्पादन घसरलं, आणि वर्ष सरायच्या आत निर्णय मागे घ्यावा लागला. शेती घोषणेवर चालत नाही. पण इंडोनेशियाचं उदाहरण आहे. तिथे औषधावर भरघोस अनुदान होतं आणि तुडतुडा पिकाचा फडशा पाडत होता. ५ नोव्हेंबर १९८६ला राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी धानावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली, पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदानही काढून घेतलं. बरोबरीने शेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू केल्या, जिथे बाया-माणसं बांधीत उतरून किडे आणि कोळी मोजायला शिकली. भाताचं उत्पादन घटलं नाही. हुकूमशहाच्या सहीने झालेली ही गोष्ट मला आवडावी याचा थोडा संकोच वाटतो, पण झाली ती झाली. पुढे शेतशाळा थंडावल्या, औषधांची विक्री पुन्हा वाढली, आणि २०१०च्या आसपास जावा बेटावर तुडतुडा परत आला. म्हणजे एकदा शिकवून भागत नाही.

वाणांचंही तसंच. केरळच्या पट्टांबीचा पीटीबी-३३ हा वाण तुडतुड्याला दाद न देणारा म्हणून जगभरच्या पैदासकारांनी वापरला. अशा काही वाणांत किडा टोचतो, पण धान नळीतच कॅलोज नावाच्या पदार्थाचं बूच बसवतो. सुई आत, रस बंद. किडा पुन्हा पुन्हा टोचत राहतो आणि उपाशी राहतो. बिनफवाऱ्याचं, बरोबर बुडाशी पोचणारं औषध. पण एकाच जनुकावर सगळा देश पेरला तर तेही फुटतं: १९७३चा आयआर-२६ हा वाण इंडोनेशिया-फिलिपिन्समध्ये दोन-तीन वर्षांत निकामी झाला.

मला सरकारकडून हवंय ते यापेक्षा साधं आहे. सिंदेवाही आणि साकोलीला भात संशोधन केंद्रं आहेत. धानाचं खोड औषधाच्या ठरावीक पातळ द्रावणात बुडवायचं, वाळवायचं, त्यावर गावातून आणलेले तुडतुडे सोडायचे आणि काही दिवसांनी मोजायचे, ही तपासणी महागडी नाही. मोजताना मेलेल्यांबरोबर निळे डागही मोजा, म्हणजे जिवंत दिसणारा जेवतोय की उपाशी ते कळेल. दर ऑगस्टमध्ये धानाच्या प्रत्येक तालुक्यातला निकाल तालुका कृषी कार्यालयाच्या फळ्यावर लावा: या तालुक्यात कुठला गट चालतो, कुठला चालत नाही. पावसाचे आकडे तालुकावार छापता येतात, मग हे का नाही? प्रयोगशाळेत इमिडाक्लोप्रिडवर पोसलेले प्रतिकारक तुडतुडे प्रजननात मागे पडताना दिसले आहेत. विष फोडायची ताकद फुकट मिळत नाही. म्हणजे एखाद्या गटाला काही हंगाम विश्रांती दिली तर तो पुन्हा कामाला येण्याची आशा असते. पण कुणाला विश्रांती द्यायची हेच ठाऊक नसेल तर देणार कशी?

काकांना यातलं निम्मं सांगितलं. ते ऐकत होते, ऐकता ऐकता चूड मोजत होते. पाच ते दहा तुडतुडे चुडाला असतील तर उपाय करायचा, असं पत्रकात असतं. त्यांच्या पाच चुडांची सरासरी आठ आली. कोळीही दिसले, दोन चुडांमागे एखादा.

"मग आता मारू का नको?"

मी म्हटलं, आज नका मारू. तीन-चार दिवस पाणी काढून टाका, धान उघडा करून पट्टे पाडा, बुडाला ऊन-वारा लागू द्या, मग परत मोजू.

काका हसले. आमच्या बांध्यांना मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी एकातून एकात उतरत येतं. पाणी काढायचं म्हणजे खालच्या बांधीत सोडायचं, आणि खालच्या बांधीवाल्याने आदल्याच दिवशी युरिया टाकला होता.